दोन माणसांचा सेल्फ

आमचा ट्रॅक्टर चालू करायला दोन माणसं लागतात. ट्रॅक्टर म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. सीताफळाच्या दोन ओळींमधून अंग चोरून जाणारा, बसलेल्या माणसाचे गुडघे हनुवटीजवळ येतील असा छोटासा, बागेतला ट्रॅक्टर. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालो तेव्हा तो घेतला, आणि घेतला तेव्हाच तो जुना होता. धारूरच्या खालच्या अंगाला, डोंगराच्या उतरणीवर आमची बाग आहे आणि बागेतच घर आहे. तिथून गाव दिसतं, पण गावातलं काही ऐकू येत नाही.

तर ट्रॅक्टर. किल्ली फिरवली की समोरचा लाल दिवा लागायचा, हॉर्न वाजायचा, पुढचे दोन्ही लाइट लागायचे. इंजिनाला धक्का देणारा सेल्फ मात्र फिरायचा नाही. घरी आणल्यावर वर्ष-दीड वर्षातच ही खोड लागली. बॅटरी नवी टाकून पाहिली, सेल्फ खोलून पुसून घेतला, काही उपयोग झाला नाही. शेवटी रस्त्याने जाणाऱ्या एका मिस्त्रीने हातभर लांब पेचकस घेतला, चाकाजवळ उकिडवा बसला आणि सेल्फच्या दोन नटांना तो आडवा टेकवला. चर्रकन ठिणगी उडाली आणि इंजिन धडधडायला लागलं. ‘तात्पुरतं असं करत जा,’ म्हणाला. आमच्याकडे तात्पुरतं म्हणून जे सुरू होतं ते माणसाचा जन्म काढतं. पेचकस सीटखालच्या डब्यात कायमचा राहायला आला.

यात एक गोम होती. पेचकस टेकवून चालू केलेला ट्रॅक्टर कुणाला विचारत बसत नाही. गिअरमध्ये असला तर तसाच चालायला लागतो, आणि चाकापुढे तर आपणच बसलेलो असतो. म्हणून वर सीटवर एक माणूस हवं. त्याने गिअर न्यूट्रलला आहे का बघायचं, क्लच दाबून धरायचा आणि तसं खाली ओरडून सांगायचं. ते माणूस म्हणजे माझी बायको, वनमाला.

रोज सकाळी आमचा हा कार्यक्रम चालायचा. मी खाली पेचकस घेऊन बसायचो.

“बसलीस का?”

“बसले.”

“न्यूट्रल?”

“न्यूट्रल हाय.”

“क्लच?”

“दाबलाय की. लावा आता, चुलीवर भाकर करपायलीय.”

मग मी तोंडाने ‘टिंग टिंग’ करायचो. डबल बेल. आणि पेचकस टेकवायचो. उभी नोकरी मी बेल मारून गाड्या सोडल्या, पण पदर खोचलेला आणि हाताला पीठ लागलेला ड्रायव्हर मला या वयात मिळाला. इंजिन लागलं की ती उतरायची, मी चढायचो.

बंद करायची तऱ्हाही वेगळी. डिझेलचं इंजिन किल्लीने थांबत नाही. त्याला एक काळा दट्ट्या असतो, तो ओढून धरला की ते घरघरत गप्प होतं. मी हमखास विसरायचो. किल्ली काढून खिशात टाकायचो, उतरून ओसरीपर्यंत यायचो, आणि ट्रॅक्टर मागे धडधडतच असायचा. “आवो कंडक्टर, प्याशिंजर राहिला की गाडीत,” असं म्हणत तीच जाऊन दट्ट्या ओढायची.

वनमाला अक्षय्य तृतीयेनंतर पुण्याला गेली. आमच्या अंगदला मुलगी झाली होती, आणि सूनबाई प्रियदर्शनीची रजा संपत आली होती. एवढंसं लेकरू पाळणाघरात कसं ठेवायचं? दोघं नोकरीवर जाणार, मग घरात आजी पाहिजेच. हे सगळं मला पटत होतं. मीच तिला धारूरला गाडीत बसवून दिलं, खिडकीतून पिशवी आत सरकवली. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे, असं तेव्हा बोलणं झालं होतं. आषाढ गेला, पोळा गेला, गणपती गेले.

मीही गेलो होतो तिकडे. आठवड्यात परत आलो. चौदाव्या मजल्यावर माणसाने करायचं काय? लिफ्टमध्ये चार माणसं असायची आणि चौघंही वर चढत्या आकड्यांकडे बघत उभी राहायची. मी एकदा आपला सहज म्हणालो, पुढं सरका, मागं जागा हाय. कुणी हसलंसुद्धा नाही. आणि बागेला सोडून किती दिवस राहणार? सीताफळाला आपण पुण्यात आहोत म्हणून थांबता येत नाही.

एकटं राहणं मला माहीतच नव्हतं, हे मला इथे कळलं. कंडक्टरच्या वाट्याला हवी तेवढी माणसं येतात, नको तेवढी येतात. ‘पुढं चला, पुढं चला’ म्हणून ज्यांना ढकलत राहिलो ती माणसं आता आठवायला लागली. सकाळी चहा केला की तो एवढासा व्हायचा, पातेल्याच्या बुडालाच. भाकरी मला थापता येत नाही, म्हणून खिचडी, संध्याकाळी पुन्हा तीच खिचडी. दुपारी बागेत असताना आपण सकाळपासून एक शब्द बोललो नाही हे एकदम ध्यानात यायचं, आणि मग मी मुद्दाम मोठ्याने काहीतरी म्हणायचो. लिंबागणेश, मांजरसुंबा, केज, धारूर. थांब्यांची नावं. ती ऐकून झाडावरचे होले उडायचे आणि पुन्हा तिथेच येऊन बसायचे. फार वाईट वाटायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही, आता सांगतोय.

रोज संध्याकाळी अंगद व्हिडिओ कॉल लावायचा. नात दिसायची, तिचे दोन दात दिसायचे, आणि वनमाला अर्धीच दिसायची. तिला फोनसमोर बसायची सवय नव्हती, ती काम करता करता मागून बोलायची. पण एक गोष्ट ती रोज ठणकावून सांगायची, आणि मला कमी, अंगदला जास्त ऐकू जाईल अशी.

“दसऱ्याला मला जावंच लागंल. सीताफळं आली उतरायला. अन् त्यांचा ट्रॅक्टर माझ्याबिगर चालू होत न्हाई.”

“नेतो आई, दसऱ्याला सोडतो तुला,” अंगद म्हणायचा. “प्रियाची आई येईल तेवढे दिवस.”

मी हसायचो. ट्रॅक्टरचं एवढं काय, असं वाटायचं. पण ती दसऱ्याला येणार, या एका गोष्टीवर मी पावसाळा काढला. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जाता-येता बघायचो. दुसरं काही मला नको होतं.

तोवर सीटवर कोण बसायचं, हा प्रश्न बायनाबाईने सोडवला होता. आमच्या शेजारच्या वावरातली ही म्हातारी, माझ्यापेक्षाही मोठी. ती सकाळी शेळी सोडायला यायची तेव्हा मी तिला ट्रॅक्टरवर चढवायचो. क्लचपर्यंत तिचा पाय पोचायचा नाही, मग ती सीटवरून पुढे घसरून अर्धी उभी राहायची, डोळे गच्च मिटायची आणि खंडोबाचं नाव घ्यायची.

“बायनाबाई, डोळे उघड. न्यूट्रल हाय का बघ.”

“तूच बघ कंडक्टर. मला न्हाई बघवत.”

कसंबसं चालायचं. पण त्या वर्षी बायनाबाईच्या पोरांची टोळी दसऱ्याच्या आधीच ऊसतोडीला कारखान्यावर निघाली. फडात लेकरं सांभाळायला म्हातारं माणूस लागतं, म्हणून बायनाबाईही निघाली, शेळीसकट. ट्रकमध्ये मागे बसून तिने मला हात केला. त्यानंतर खालच्या वस्तीवर दिवसासुद्धा कुत्र्याशिवाय कुणी दिसेना. बाकीचे लोक सोयाबीनला लागलेले. एका मिनिटाच्या कामासाठी कुणाला हाक मारायची?

आणि नेमके सीताफळाचे डोळे उघडले. फळाच्या खवल्यांमधली रेघ पांढरी-पिवळी झाली की आम्ही म्हणतो डोळे उघडले. मग ते झाडावर ठेवायचं नसतं. मी दिवसभर तोडली, क्रेट भरले आणि ते वरच्या बांधाला लावून ठेवले. तिथून खाली रस्त्यापर्यंत ट्रॉलीतून न्यायचे, म्हणजे व्यापाऱ्याचा टेम्पो उचलणार.

सकाळी ट्रॅक्टरपाशी गेलो आणि इकडे तिकडे पाहिलं. मग बांधावरचा एक चांगला जड दगड उचलून आणला आणि क्लचच्या पायडलावर ठेवला. पायडल खाली गेलं. म्हटलं, झालं की माणूस तयार. खाली बसलो, पेचकस काढला. सवयीने तोंडातून ‘टिंग टिंग’सुद्धा गेलं.

इंजिन लागलं आणि त्याच्या धडधडीने दगड घसरला. ट्रॅक्टर गिअरमध्ये होता. उतारावर उभा करताना मीच आदल्या दिवशी तो गिअरमध्ये टाकला होता, आणि न्यूट्रल बघणं हे माझं काम कधी नव्हतंच. चाक माझ्या अंगावर आलं. मी कसा बाजूला पडलो ते सांगता येत नाही. पँटचा पाय चाकाखाली सापडला आणि टरकन फाटला, म्हणून माझा पाय वाचला. ट्रॅक्टर तसाच पुढे गेला, एका सीताफळाच्या खोडावर चढला, फांद्या मोडल्या आणि गचका खाऊन बंद पडला.

मी तिथेच मातीत बसून राहिलो. कोपर सोललं होतं. सगळीकडे शांत झालं होतं, आणि त्या शांततेची मला जास्त भीती वाटली. आपण आज मेलो असतो तर संध्याकाळच्या फोनपर्यंत कुणाला कळलं नसतं. फोन वाजला असता, वाजून थांबला असता. अंगदला वाटलं असतं, बाबा बाहेर असतील.

संध्याकाळी मी लांब बाह्यांचा शर्ट घालून फोनसमोर बसलो. पण वनमाला अर्धीच दिसत असली तरी बघते पूर्ण.

“हात सरळ करा.”

“कशाला?”

“करा म्हनते ना. हळद उमटलीय बाहीवर, कोपरापाशी. कावून, काय झालं?”

मग सांगावं लागलं. ती फोनसमोरून उठून गेली. अंगद मात्र खूप बोलला. बाबा, तुम्हाला काही झालं असतं तर, तुम्ही ऐकतच नाही, त्या पेचकसाला आजपासून हात लावायचा नाही. तो चिडला होता आणि घाबरला होता, दोन्ही. माझंच पोरगं आहे, मला कळतं. “मी उद्याच कुणाला तरी पाठवतो. वायरिंग पूर्ण बघून घेऊ,” म्हणाला.

दुसऱ्या दिवशी धारूरहून मुस्तकीम आला. बसस्टँडजवळ त्याचं वायरिंगचं दुकान आहे. शाळेत असताना माझ्या गाडीने जायचा आणि आठवड्यातून दोनदा पास विसरायचा. आता त्याच्या दाढीत पांढरे केस आलेत, पण मला बघितलं की अजूनही खिशाकडे हात नेतो.

“पास आणलाय का बे?” मी म्हणालो.

“विसरलो काका,” तो म्हणाला आणि हसला. दुसऱ्या माणसाचं हसणं अंगणात किती दिवसांनी ऐकलं. मी लगेच चहा टाकला, तो नको म्हणत असताना.

मुस्तकीमचं हत्यार म्हणजे दोन वायरी लावलेला एक छोटा बल्ब. एक वायर ट्रॅक्टरच्या लोखंडाला, दुसरी वायर जिथे तपासायचं तिथे. बल्ब लागला तर तिथपर्यंत करंट आलाय. त्याने बॅटरीपासून सुरुवात केली. लागला. फ्यूजपाशी लागला. मला किल्ली फिरवून धरायला सांगितलं आणि किल्लीच्या मागच्या वायरीला टेकवलं. लागला.

“किल्ली चांगली हाय काका. लोकं आधी किल्लीच बदलतेत.”

मग त्या वायरीचा माग काढत तो खाली गेला, पाय ठेवायच्या पत्र्याचे नट काढले आणि पत्रा उचलून बाजूला ठेवला. क्लचच्या पायडलाखाली वायर एका ठिकाणी आत शिरत होती आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडत होती. आत शिरते तिथे बल्ब लागला. बाहेर पडते तिथे लागला नाही. त्याने मला क्लच दाबायला लावला. तरी नाही.

“सापडला चोर. करंट इथपर्यंत येतो, इथून पुढं जात न्हाई.”

“काय हाय तिथं?”

“खटका हाय. पायडल दाबलं की ह्यो दाबला जातो, मंगच सेल्फला करंट जातो. क्लच न दाबता कुनी चालू करू नये, म्हनून कंपनीनंच बसवून दिलाय.”

मी वाकून पाहिलं. बोटाएवढी वस्तू होती. म्हणजे इतकी वर्षं वनमाला सीटवर बसून जी राखण करत होती, ती कंपनीने या बोटाएवढ्या खटक्याला सांगून ठेवली होती, आणि आम्हाला पत्ताच नाही.

मुस्तकीमने तो काढला, पेचकसाच्या टोकाने आतून खरवडला आणि थांबला. त्याच्या तळहातावर पिवळट लाल ढेपळं पडली.

“काका, हे काय हाय? ग्रीस असं नसतंय.”

त्याने वास घेतला आणि हात माझ्यापुढे केला. मीही वास घेतला. मला लगेच कळलं.

खंडेनवमीला आमच्याकडे ट्रॅक्टरची पूजा व्हायची. धुवायचं काम माझं, पूजेचं तिचं. बोनेटला एक बोट, चाकांना एक बोट, स्टिअरिंगला एक बोट, आणि क्लचच्या पायडलाला मूठभर हळद, मूठभर कुंकू, वर तांब्याने पाणी. पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, तिथेच एवढं कशाला? तर म्हणाली, “रोज पाय लावते मी त्याला. मंग एक दिवस तरी हात जोडावं का न्हाई?” तेव्हा किल्लीने चालणाऱ्या ट्रॅक्टरवर बसून ती क्लच दाबायला नुकतीच शिकत होती. त्या दसऱ्यानंतरच सेल्फ रुसला होता. तिने दर वर्षी त्या पायडलाला हात जोडले, आणि ते हळदीकुंकू पाण्याबरोबर खाली खटक्यात उतरत राहिलं.

“तुझ्या काकूची पूजा,” मी म्हणालो.

मुस्तकीम हसला नाही. त्याने ती ढेपळं कागदावर काढून बाजूला ठेवली, मातीत टाकली नाहीत. मग पेट्रोलने खटका धुतला, आतली तांब्याची टोकं पॉलिश पेपरने घासली, ग्रीस लावलं, वरून रबराची टोपी चढवली आणि खटका जागेवर बसवला.

“बसा काका. न्यूट्रल करा, क्लच दाबा, किल्ली फिरवा.”

मी बसलो, न्यूट्रल केलं, क्लच दाबला आणि किल्ली फिरवली. सेल्फ फिरला, इंजिन लागलं. खाली कुणी नव्हतं, ठिणगी नाही, ओरडाआरडा नाही. मला इतका आनंद झाला की मी हॉर्नच वाजवला.

“आता तुमाला कुनाचीबी गरज न्हाई काका,” मुस्तकीम सामान भरता भरता म्हणाला. बिचारा चांगल्या मनानेच म्हणाला. “फकस्त पूजा वर बोनेटवर करा. खाली पानी सोडू नका.”

तो गेल्यावर संध्याकाळची वाट न बघता मी अंगदला व्हिडिओ कॉल लावला. फोन समोर धरून किल्ली फिरवून दाखवली. एकदा दाखवली, दट्ट्या ओढून बंद केलं, परत दाखवली. लहान पोरासारखं चाललं होतं माझं.

“वा बाबा, क्या बात है,” अंगद म्हणाला. मागून वनमाला आली. त्या दिवशी ती पूर्ण दिसली, कडेवर नात.

“किल्लीनं झाला?”

“किल्लीनं. एकटा बसलो, फिरवली अन् झाला.”

“खाली कुनी न्हवतं?”

“कुनी न्हवतं.”

“बरं झालं,” ती म्हणाली. नातीच्या तोंडातली मूठ बाहेर काढली आणि बाजूला झाली.

“मग बाबा, आता दसऱ्याची घाई नको करायला,” अंगद म्हणाला. “प्रियाच्या आईलाही जमत नाहीये. ट्रॅक्टरचीच काळजी होती, ती मिटली. आईला दिवाळीनंतर आणतो निवांत. नाहीतर तुम्हीच या इकडे.”

“बरं,” मी म्हणालो.

बरं म्हणालो. फोन बंद झाला, तेव्हा मला कळलं आपण काय करून बसलो. ‘मला तुझ्या आईशिवाय करमत नाही’ एवढंच पोराला सांगायचं होतं, पण ते आमच्या तोंडातून निघत नाही. तिच्याही नाही. करमत नाही हे काही कारण होत नाही. चारचौघांत सांगता येईल असं कारण लागतं. पिकाचं, पावण्यारावळ्यांचं, दुखण्याखुपण्याचं. तिने बिचारीने एक चांगलं, भक्कम, लोखंडी कारण सांभाळून ठेवलं होतं, आणि मी ते तिच्याच देखत किल्ली फिरवून मोडलं. दोनदा.

पुढचे दिवस कामं मात्र झटक्यात झाली. सगळे क्रेट खाली आले, टेम्पो भरून गेला. सकाळी उठावं, बसावं, किल्ली फिरवावी. बोलायचं काही काम नाही. ‘न्यूट्रल?’ असं विचारायचं कुणाला? त्या पेचकसाच्या भानगडीत रोज निदान चार वाक्यं व्हायची, बायनाबाई असताना दोन तरी व्हायची. आता तेवढीही नाहीत.

खंडेनवमीला मी ट्रॅक्टर धुतला. देवघरातून हळदीकुंकवाचा करंडा आणला. तिने जाताना भरून ठेवलेला होता. बोनेटला एक बोट लावलं, चाकांना लावलं, स्टिअरिंगला लावलं. मग क्लचच्या पायडलापुढे खाली बसलो. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी मी एकदा मागे वळून पाहिलं. आणि मग अख्खा करंडा तिथे रिकामा केला. हळद, कुंकू, वर तांब्याभर पाणी, परत तांब्याभर पाणी. बोटाने दाबून दाबून खाली जाईल असं केलं. हात जोडले. काय मागितलं ते सांगायला नको.

दसऱ्याच्या सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून मी ट्रॅक्टरवर चढलो. न्यूट्रल बघितलं. पायडलावर हळद वाळून तिला भेगा पडल्या होत्या. त्यावर पाय ठेवताना बरं वाटेना, पण ठेवला, दाबला. किल्ली हातात धरून बराच वेळ बसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला गाडी चालू व्हायला नको होती. फिरवली.

इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. मुस्तकीमचं काम पक्कं. ती रबराची टोपी. वनमालाची पूजा किती दिवस आत मुरली तेव्हा तो खटका बंद पडला होता, आणि मी एका रात्रीत ते करायला निघालो होतो. मी सीटवर तसाच बसलो. समोर ओळीने झाडं, खाली रिकामी वस्ती, त्यापलीकडे गाव. तिथे आता घरोघरी पुरणं शिजत असतील. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. बघायला कुणी नव्हतं, याचा तेवढा एक फायदा.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. साधा कॉल, अंगदच्या नंबरवरून, पण एवढ्या सकाळी अंगद उठत नाही. मी घाईघाईने किल्ली बंद केली, काढून खिशात टाकली, डोळे पुसले आणि फोन कानाला लावला.

“पूजा केली का काल?” वनमाला.

“केली.”

“पायडलाची?”

“केली. तिथं जरा जास्तच केली.”

लांबून नातीचा आवाज आला.

“मंग?” ती म्हणाली. “झाला का चालू ट्रॅक्टर?”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. किल्ली खिशात होती, आणि माझ्या बुडाखाली इंजिन धडधडत होतं. दट्ट्या ओढायचा मी विसरलो होतो, नेहमीसारखा. सीट हलत होती, फोन हलत होता, माझा हातसुद्धा हलत होता. पुण्यापर्यंत ऐकू जाईल एवढा तो आवाज होता.

“न्हाई,” मी म्हणालो. “न्हाई झाला.”

ती तिकडे कान देऊन ऐकत होती, मला कळत होतं. मध्ये नुसतं इंजिन चाललं होतं, धड धड धड धड, आणि आम्ही दोघंही ते ऐकत बसलो.

मग ती एकदम हळू आवाजात म्हणाली, “आधी दट्ट्या वडा.”

आणि फोन कानापासून लांब धरून, सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडली, “अंगद, आरं ऊठ. न्हाई झाला बाबा चालू तुझ्या बापाचा ट्रॅक्टर. माळ्यावरून माझी पिशवी काढ.”